पेटवण्याआधीची हाळी

ऊस पेटवायचा तर आधी चारी बांधांवरून हाळी द्यायची, "आत कोण हाय का?" हातकणंगल्याकडचा हा रिवाजच. आत कुणी वैरण काढत असतं, कुणी सावलीला टेकलेलं असतं. धोंडुबाईनं त्या दिवशी हाळी दिली नाही. शेजारी गणपतरावांचा तोडलेला ऊस नुकता पुन्हा फुटला होता. त्या कोंबांना झळ लागेल म्हणून ते काडी हिसकावायलाच धावले असते.

तिचा ऊस होता अवघा पंधरा गुंठे. गणपतरावांचं रान मोकळं करून तोडणीची टोळी पुढच्या मोठ्या फडात गेली. एवढ्याशा तुकड्यासाठी थांबतंय कोण? उभ्या उसाला तुरे आले, आतून तो पोकळ पडायला लागला. नवरा केरबा मुकादमाच्या मागं फिरून मेटाकुटीला आलेला. आजही तो तिकडंच गेलाय, असं ती धरून चालली होती. जळका ऊस मात्र टोळीला लगोलग तोडावा लागतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

वाळलेला पाला भडकला. कांड्या फटाफट फुटायला लागल्या. अन् तेव्हा तिला पलीकडच्या बांधावर केरबाच्या चपला दिसल्या.

"आवं! आत हाय का तुमी? ओ द्या की!" जाळाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना. ती आत घुसायला गेली, धगीनं मागं फेकली गेली. आपल्याच हातानं आपलं कुंकू पुसलं, एवढंच तिला कळत होतं.

ओढ्याच्या अंगानं केरबा रांगत बाहेर आला. भुवया जळालेल्या, वैरणीचा भारा आतच राहिलेला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "हाळी का न्हाय दिलीस गं?"

ती पदरानं त्याच्या तोंडावरची काजळी पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी टोळी आली, ऊस गेला. "सुटलीस बाई," म्हणत बायका हसल्या. पुढच्या हंगामात लावणीला तिनं साफ नकार दिला. शाहूपुरीत दुकानात कामाला असलेला लेक आदर्श विचारायचा, "आई, रान पडीक का टाकलंस?"

"टोळी येत न्हाय, बाबा," ती सांगायची. तेही खोटं नव्हतं.

आता त्या रानात ससा बसला तरी लांबून दिसेल. तरी तिकडून जाताना धोंडुबाई बांधावर थांबते आणि हाळी देते, "आत कोण हाय का?"

मागून येणारा केरबा दर वेळी सांगतो, "मी भाईर हाय गं."