आपली विंग येईपर्यंत

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत चार विंग आहेत, एकशे बारा फ्लॅट आणि पंप एक. उन्हाळ्यात पाणी कमी येतं. ज्या विंगची टाकी आधी भरते तिथले लोक गाड्या धुतात आणि जिची शेवटी भरते तिथले लोक पत्र लिहितात. म्हणून पहिला नंबर रोज बदलायचा असं ठरलं: आज ए, उद्या बी, मग सी, मग डी. हे चारच दिवस सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी कोणाच्या तरी मते कालचा दिवस धरायचाच नव्हता.

मी एका कारखान्यात उत्पादनाचं वेळापत्रक लावतो. ज्याला वेळापत्रक कळतं त्याला पाणीही कळत असणार, असं समजून कमिटीने ते काम माझ्या गळ्यात घातलं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवला. रोज सकाळी पावणेसहाला मी खाली जायचो, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायचो, आजची विंग यायची आणि ती मी पंपवाल्याला सांगायचो. दोन वर्षं एकही दिवस चुकला नाही. अर्थात हे फक्त मला आणि पंपवाल्याला माहीत होतं.

पंपवाला इथलाच, जवळच्या गावातला. आमचं पार्किंग आहे तिथे त्याच्या आजोबांचं भाताचं शेत होतं, हे तो वर्षातून एकदा सांगतो, तेही चांगल्या मूडमध्ये असताना.

मार्चमध्ये सी विंगच्या एका निवृत्त काकांनी मीटिंगमध्ये तोफ डागली. "चेअरमन बी विंगमध्ये राहतात आणि पाणीही बी विंगमध्येच राहतं. पंपवाल्याचे लाड कोण पुरवतं ते सगळ्यांना माहीत आहे."

चेअरमन म्हणाले, "अहो, मी तर पाणीसुद्धा बिसलेरीचं पितो."

"तेच म्हणतोय मी. मग आमचं जातं कुठे?"

बराच गोंधळ झाला. शेवटी ठरलं की आणखी एक तक्रार आली तर पंपवाल्याला पहिल्या तारखेपासून घरी बसवायचं. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

मला राग आला. क्रम मी काढत होतो आणि शिव्या तो खात होता. मी उठून म्हणालो, की उत्तर सगळ्यांना आपापल्या फोनवर दिसेल असं मी करतो. प्रोग्रॅम ऑफिसातच राहील. ब्राउझरमध्ये एक पान उघडेल, ते पान प्रोग्रॅमला विचारेल आणि उत्तर आणून दाखवेल. मग पंपवाल्यावर कोण बोट ठेवतो ते बघू.

तीन रविवार गेले. प्रोग्रॅम मला लिहिता येत होता, पान बनवणं हे वेगळंच प्रकरण निघालं. प्रोग्रॅमला तोंड नसतं. पानाला तोंड, कपडे, पावडर सगळं लागतं. पहिलं पान तयार झालं ते मी बायकोला दाखवलं. मधोमध एकच बटण होतं, त्यावर 'सबमिट'.

"अहो, मी काय सबमिट करू? मला तर काहीतरी विचारायचंय ना?"

मी बटणावर 'आजची पाळी' असं लिहिलं. ती एवढी हसली की चहा सांडला. शेवटी 'आज कोणती विंग?' यावर तह झाला.

सोमवारी सकाळी पावणेसहाला मी पान चालू केलं, लिंक चेअरमनना आणि पंपवाल्याला पाठवली आणि डबा घेऊन कामावर गेलो. चेअरमननी ती लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, वर फुलांचा गुच्छ आणि 'शुभ सकाळ'.

साडेनऊला बायकोचा फोन. "पाण्याचं काय झालं? आपल्याकडे थेंब नाही. आणि सी विंगचे काका खाली पंपवाल्यावर ओरडतायत."

काकांच्या फोनवर स्क्रीनशॉट होता: आजची विंग, सी. पंपवाल्याने पाणी सोडलं होतं बीला. दोन वर्षांत त्याच्याविरुद्ध काडीचा पुरावा नव्हता. तो आता मी बनवून दिला होता.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली होती. त्याआधी मी ऑफिसात जाऊन प्रोग्रॅम किती वेळा चालला त्याची नोंद उघडली. माझा प्रोग्रॅम एकदा चालला म्हणजे त्याच्या लेखी एक दिवस संपला. तो लगेच पुढची विंग धरतो. मी दिवसातून एकदाच चालवणारा माणूस, त्यामुळे दुसऱ्यांदा चालवलं तर काय, हा प्रश्न मला दोन वर्षांत पडला नव्हता. पान मात्र प्रत्येक वेळी बटण दाबलं की प्रोग्रॅम चालवत होतं. सात वाजायच्या आत ते एकसष्ट वेळा दाबलं गेलं होतं. सातला पंप चालू करताना पंपवाल्याने दाबलं ते बासष्टावं. चारांच्या फेऱ्यात बासष्टावा नंबर बी. म्हणजे त्याने पान सांगेल तेच केलं होतं. त्या दिवशीची खरी विंग होती ए, म्हणजे आमची.

मीटिंगमध्ये काकांनी फोन हवेत धरला. "हा पुरावा! आता तरी काढा याला."

पंपवाला म्हणाला, "सायब, माजे फोनान बी आला म्हनून बी सोडला. माजे मनान नाय केला."

"खोटं! मी स्वतः नऊ वेळा खात्री केली!"

"नऊ वेळा कशाला, काका?" मी विचारलं.

"पहिल्यांदा डी आलं. म्हटलं, पान नीट लोड झालं नसेल. मग ए आलं. मग परत डी. मी सोडतोय होय? सी येईपर्यंत दाबलं आणि फोटो काढला."

कोणीच हसलं नाही, कारण मागे डी विंगच्या एक बाई हळूच आपला फोन पर्समध्ये ठेवत होत्या. मी सगळ्यांना फोन काढायला लावले. चौदा जणांकडे स्क्रीनशॉट निघाले, प्रत्येकाकडे आपापल्या विंगचा. चेअरमनकडे दोन होते.

मी सांगितलं, की चूक पंपवाल्याची नाही, माझी आहे. बघणं आणि चालवणं मी एकाच बटणात कोंबलं. कोणाला काढायचंच असेल तर मला काढा. चेअरमननी माझ्याकडे जरा आशेने पाहिलं, पण वेळापत्रक लावणारा दुसरा कोणी नव्हता.

"पंपवाल्याचा ठराव रद्द," ते म्हणाले. "पण मग ते बटण दाबायचं कोणी?"

"ज्याच्या हातात व्हॉल्व्ह आहे त्याने," मी म्हणालो.

काका बरंच काही म्हणाले. कमिटीत ठराव सात विरुद्ध दोनने पास झाला.

प्रोग्रॅम दिवसभरात जितके दिवस पुढे पळाला होता तितके मी मागे आणला. आता सगळ्यांच्या पानावर नुसती आजची विंग दिसते. दाबायला काही नाही. बटण फक्त पंपवाल्याच्या फोनवर आहे. टाक्या भरून झाल्या की तो ते दाबतो आणि तेव्हाच सोसायटीचा दिवस पुढे सरकतो. पहिल्या आठवड्यात ओल्या बोटाने ते लागेना, म्हणून मी अर्ध्या पडद्याएवढं केलं. काका सकाळी खाली येऊन त्याच्या शेजारी उभे राहतात. तो बोट लुंगीला पुसतो, चष्मा नाकावर घेतो आणि विचारतो, "दाबू काय, काका?"