धनीरामने बंदुका घासल्या

धनीरामच्या हाती काळी वस्तू देऊ नये, हे भंडाऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुंताबाईला ठाऊक नव्हतं. ती नदीपलीकडच्या कारध्याची, तिला कोण सांगणार?

पितळेची भांडी उजळून देणं हा धनीरामचा धंदा. बापाचा तोच, आज्याचा तोच. लग्नसराई आली की त्याच्या छपरीत पाण्याचे गुंड, गंगाळं, पराती यांची रास लागायची आणि हा माणूस चिंच, राख आणि विटेची भुकटी घेऊन सकाळपासून बसलेला असायचा. त्याचा नियम एकच: घरी परत जाणाऱ्या भांड्यात मालकाला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. नियम चांगला आहे, पण तो त्याने पितळेपुरता ठेवला नाही. मी तेव्हा मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी राहत होते. एकदा माझी परात न्यायला आला आणि बरोबर माझा लोखंडी तवाही घेऊन गेला, न विचारता. दहा वर्षं भाकऱ्या भाजून काळा झालेला तवा त्याने आरशासारखा करून आणला. त्यानंतर पंधरा दिवस आमच्या घरातली प्रत्येक भाकरी तव्याला चिकटली. मी बोलले, तर म्हणाला, बाई, मळ होता, काढला. पैसे घेतले नाहीत, वर माझ्याकडे असं पाहिलं की शिकलेल्या बाईच्या घरात एवढा मळ असावा याचं त्यालाच दुःख झालं होतं.

तर कुंताबाई. तिच्या नवऱ्याचा, परसरामचा, फुगे फोडायचा ठेला होता. लाकडी फळीवर रंगीत फुगे आणि समोर छऱ्याच्या तीन बंदुका. नळी मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, छरा घालायचा, नळी सरळ करायची, घोडा ओढायचा. परसराम गेला आणि ठेला बाईने चालवायला घेतला. लोक आधी हसले, मग रांगेत उभे राहिले. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, एकेका गावाचा एकेक दिवस. लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई नवे कपडे घालून मिरवत असतात, आणि बायकोच्या भावांसमोर फुगा फोडून दाखवल्याशिवाय कुठल्या जावयाला चैन पडत नाही. त्या महिनाभरावर कुंताबाईचं वर्ष चालायचं.

शहात्तर साली पावसाळाभर बंदुका माळ्यावर धानाच्या तणसात गुंडाळून पडल्या होत्या. नदीकाठचं घर, छपराचे कवेलू गळके. दिवाळीच्या आधी काढल्या तर नळ्यांवर तांबडे ठिपके. कोणीतरी तिला सांगितलं की भंडाऱ्याचा धनीराम कुठल्याही धातूवरचा डाग काढतो. ते खरंच होतं. तिने तीन बंदुका आणल्या, डाग दाखवले, एवढंच सांगितलं की स्प्रिंगला हात लावू नका, परसरामने एकदा खोलली होती तेव्हा ती छतातून कवेलू फोडून गेली. स्प्रिंगला धनीरामने हात लावला नाही. तेवढं ऐकलं.

बाकी सगळं घासलं. ठिपके गेले, त्यांच्याबरोबर कारखान्याचा काळा रंगही गेला. कारण काळं दिसलं की त्याचा हात थांबत नाही. चिंचेच्या पाण्यात नळ्या बुडवून ठेवल्या, राखेने चोळल्या, आणि चांदीसारख्या तीन बंदुका कुंताबाईला दिल्या. ती इतकी खूश झाली की जाताना त्याच्या बायकोला, सुंदरबाईला, भाऊबिजेला धनीरामला ओवाळायला येईन म्हणून सांगून गेली.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी कारध्याची मंडई. बंदुका दुरून चमकत होत्या, गर्दी लोटली. नेम मात्र कोणाचा लागेना, कारण दुपारचं ऊन नळीवरून थेट डोळ्यात जात होतं. कुंताबाईला त्याचं काही वाईट वाटलं नाही. त्या रात्री बैलगाडीतून, दवातून, ठेला अड्याळला गेला. सकाळी फडकं सोडलं तर तिन्ही नळ्या तांबड्या. तिने पदराने पुसल्या आणि फुगे लावले. दुसरं काय करणार?

पहिलंच गिऱ्हाईक म्हणून आला तो केशवरावांचा जावई, खुशाल. केशवराव अड्याळातलं मोठं घर, जावई नवा, अंगात पांढराशुभ्र टेरिकॉटचा सदरा. त्याने नळी पकडून मोडली, छरे मारले, एकही फुगा फुटला नाही, म्हणून घाम आला, म्हणून तळहात छातीला पुसला. सदऱ्यावर पाच बोटांचा तांबडा पंजा उमटला. सासरच्या गावात, मेव्हण्यांच्या देखत. मेव्हणे जे हसले त्याचा राग त्याने कुंताबाईवर काढला. दुपारपर्यंत सगळ्या मंडईत झालं की कारध्याच्या बाईची बंदूक हात लाल करते. संध्याकाळी तिने न फुटलेले फुगे स्वतःच सोडले आणि ठेला बांधला.

दुसऱ्या दिवशी ती धनीरामच्या छपरीत येऊन बसली. ओरडली नाही. बंदुका समोर ठेवल्या आणि म्हणाली, "भाऊ, बारा दिवसांनं आंधळगावची मंडई आहे. सगळ्यात मोठी. थी गेली तं माझं साल गेलं. तुमी केलं, तुमीच निस्तरा."

धनीरामने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताखालून गेलेला धातू असा पाहिला. त्याने काय करावं? पुन्हा घासला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तांबडा. तेव्हा एक नळी फडक्यात गुंडाळून तो माझ्याकडे आला. पितळ असं करत नाही, म्हणाला, पितळ काळं पडते, हिरवं पडते, पण सांगून पडते.

मी त्याला सरळ सांगितलं. लोखंडावर तांबडा गंज बसतो तो भुसभुशीत, पाणी धरून ठेवतो आणि आत खात जातो. दुसरा एक काळा असतो, तो घट्ट बसतो आणि खालच्या लोखंडाला जपतो. बंदुकीचा काळा रंग तो. मुद्दाम चढवलेला. ऊन डोळ्यात जाऊ नये हाही त्याचा एक उपयोग.

"म्हनजे थो मळ नव्हता, बाई?"

"नव्हता. माझ्या तव्यावरचाही नव्हता."

त्याने फडक्यातली नळी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, "थे तं लोखंडाचं कातडं होतं. अन् मी सोललं."

शाळेच्या कपाटात धातूंवरचं एक जुनं पुस्तक होतं, कोणी उघडत नसे. त्यात कृती सापडली. नळी सोडवून चुन्याने धुवायची, तेलाचा अंश राहता कामा नये. नवसागराचं पाणी लावायचं आणि दमट जागी ठेवून गंज चढू द्यायचा. मग स्वच्छ पाण्यात उकळायची. तांबड्याचा काळा होतो. वरची भुकटी बारीक तारेच्या ब्रशने झाडायची. पुन्हा नवसागर, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. सहा-सात वेळा, रोज एक. शेवटी तेल. नवसागर कल्हईवाल्याकडचा, तो धनीरामला नवा नव्हता. पण मधलं वाक्य ऐकून तो उभा राहिला.

"बाई, तुमी मले जंग चढवाले सांगून राहिल्या?"

तीन पिढ्या जे काढण्यात गेल्या ते आता पाणी घालून वाढवायचं होतं, आणि तेही भर गल्लीत. तिथून धनीरामची जी शोभा झाली ती मी विसरणार नाही. सुंदरबाईने लग्नातल्या भाताची डेग आणली, ओलं पोतं अंथरून नळ्या आत ठेवल्या. गल्लीतली माणसं भांडी द्यायच्या निमित्ताने येऊन डेगीत डोकावायची आणि विचारायची, धनीराम, यंदा जंगाचं पीक कसं आहे, निंदण झालं का, धानापेक्षा बरं येऊन राहिलं वाटते. त्याने कोणाचं भांडंही घेतलं नाही. बंदुका होईपर्यंत दुसऱ्या धातूला हात लावणार नाही, असं त्याने जाहीर केलं होतं. त्याबद्दल मात्र कोणी थट्टा केली नाही.

पहिला गंज उत्तम चढला. तांबूस, एकसारखा, मखमलीसारखा. सकाळी धनीरामने झाकण काढलं, पाहिलं, आणि सुंदरबाई चुलीवर पाणी ठेवून परत येईपर्यंत नळ्या चिंचेने घासून लख्ख केल्या होत्या.

मला बोलावलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणे, हाताने केलं, मी नाही. सुंदरबाई शांतपणे म्हणाली, "यायले झोपेत चिंच देली तं झोपेतच घासतीन." तिने घरातली सगळी चिंच गाडग्यात भरून माझ्याकडे पाठवली. पंधरा दिवस त्यांच्या घरच्या वरणात आंबट नव्हतं आणि माझ्याकडे ठेवायला जागा नव्हती.

ते दिवस गेले ते गेलेच. बारातले आता आठ उरले. कुंताबाईने कारध्याला जाणं सोडलं आणि छपरीतच मुक्काम ठोकला. दोघी बायांनी काम वाटून घेतलं. नवसागर कुंताबाई लावी, दमट पोत्यावर नजर सुंदरबाईची, उकळी दोघींची. धनीरामला फक्त ब्रश मारू द्यायच्या, तोही मोजून, आणि समोर बसून. थांबा म्हटलं की थांबायचं. मी एकदा पाहिलं, कुंताबाई त्याचे हात हुंगत होती, चिंचेचा वास येतो का म्हणून.

दुसरी चूक त्याने तरीही केलीच. नव्याने सुरुवात करताना चुन्याने धुतलेली एक नळी उचलून उन्हात पाहिली, तेव्हा बोटांना तेल होतं. ती जागा पुढच्या फेऱ्यांत काळी होईना. नळीच्या बुडाशी एक अंगठा, रेषांसकट, उजळ राहिला. पुन्हा पहिल्यापासून करायला दिवस नव्हते. कुंताबाईने तो अंगठा पाहिला, धनीरामकडे पाहिलं, आणि म्हणाली की राहू द्या, पुढं भांडण झालं तं सहीचं काम पडंल.

सहा फेऱ्या झाल्या. नळ्या काळ्या, मंद, हाताला रेशमी लागत होत्या. खरं सांगायचं तर कारखान्याच्या रंगापेक्षा चांगल्या. धनीरामने त्यांना तेल लावलं आणि कोणी न विचारता म्हणाला की यात तोंड दिसत नाही. त्याचा आवाज उदास होता.

आंधळगावच्या मंडईला मीही गेले. शाळेला सुट्टी होती, आणि मला निकाल पाहायचा होता. कुंताबाईने धनीरामला हुकूम केला होता की पांढरा सदरा घालून या. तो लग्नातलं धोतर आणि नवा सदरा घालून आला, आणि ठेल्यापाशी असा उभा राहिला की जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे. फुगे लागले, बंदुका मांडल्या. माणसं जमली, पण हात कोणी पुढे करेना. अड्याळची गोष्ट बारा दिवसांत सगळ्या तालुक्यांत पोचली होती. पाच हात दूर उभे राहून लोक एकमेकांना तू जा, तू जा म्हणत होते. त्यांत खुशालही होता, मेव्हण्यांसह, नव्या सदऱ्यात.

कुंताबाईने लोटा उचलला आणि धनीरामच्या तळहातावर पाणी ओतलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धरा."

त्याने पहिली नळी ओल्या हाताने घट्ट धरली, वरपासून खालपर्यंत हात ओढला. मग दुसरी. मग अंगठ्याची. तिथे तो किंचित थांबला, ते मी पाहिलं.

"आता पुसा. छातीले."

हा माणूस घाबरला होता. बापाचं नाव, आज्याचं नाव, गल्लीतली राहिलेली भांडी, सगळं त्या सदऱ्यावर आलं होतं. त्याने डोळे मिटले आणि हात पुसला.

सदरा पांढरा होता. मधोमध एक फिकट ओला डाग तेवढा. खुशाल पुढे आला, डागाला बोट लावून म्हणाला की हे काहीतरी आहे.

"थे तेल आहे, जावईबापू," कुंताबाई म्हणाली. "थे तं तुमी डोक्याले बी लावून आले."

मेव्हणे पुन्हा हसले. पण या वेळी खुशालही हसला आणि त्याने बंदूक उचलली. नळीवर ऊन चमकत नव्हतं. त्याने पाच छऱ्यांत चार फुगे फोडले. त्याच्यामागे रांग लागली ती दिवस मावळेपर्यंत हलली नाही. फुगे मात्र इतके फुटू लागले की दुपारी कुंताबाईने धनीरामकडे एकदा असं पाहिलं, जणू थोडी चमक राहिली असती तरी चाललं असतं.

त्यानंतर दहा-बारा वर्षं ठेला चालला. दर वर्षी मृग लागायच्या आत धनीराम पूल ओलांडून कारध्याला जायचा, बंदुकांना तेल लावायचा, मेणकापडात बांधायचा. तणस बंद. गल्लीतही त्याच्यात फरक पडला, थोडा अतीच. कोणतीही काळी वस्तू दिसली की आधी विचारी, बाई, हे असंच पायजे का मळ आहे? माझ्या नवऱ्याच्या बुटांबद्दलसुद्धा विचारलं. चिंच मी परत केली ती त्याने मोजकी वापरली, असं सुंदरबाई सांगते. माझा विश्वास नाही.

एकदा मृगाच्या आधी मी त्याच्याबरोबर कारध्याला गेले होते, ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. कुंताबाईने दारातच त्याचे हात हुंगले, मग बंदुका दिल्या. त्याने दोन नळ्या फडक्याने पुसून बाजूला ठेवल्या. तिसरी घेतली. ती पुसून झाली, तरी त्याचा अंगठा त्या उजळ अंगठ्यावर फिरत राहिला. तेवढ्याच जागी, हळूहळू, चमक येईल इतका. कुंताबाईने पाहिलं आणि ती चहा ठेवायला आत गेली.