दादाच्या क्लॅरिनेटचं गिऱ्हाईक

विकायला बसले की माल कोणाचा आहे हे मी विसरते. नवऱ्याची सायकल मी त्याच्यासमोर विकली आणि भाव चांगला आला म्हणून त्यालाच चहा करायला लावला. डोक्यावर टोपली घेऊन, जुने कपडे घेत आणि स्टीलची भांडी देत मी जरीपटक्याच्या गल्ल्या तुडवल्या, तेव्हा कुठे हे जुन्या सामानाचं दुकान उभं राहिलं. एक वस्तू मात्र मला धड विकता आली नाही. माझ्या दादाचं क्लॅरिनेट.

दादा लग्नाच्या बँडमध्ये पुढच्या ओळीत वाजवायचा. जन्मभर त्याने दुसरं काही केलं नाही. त्या काळ्या लाकडाच्या नळीवर माझा जुना राग आहे. माझ्या लग्नाचा मुहूर्त मोठा होता. शहरात जिकडे पाहावं तिकडे वराती, आणि अशा दिवशी बँडवाल्यांना दुप्पट पैसे मिळत. मला हळद लागली, अक्षता पडल्या, आणि दादा दुसऱ्याच कुणाच्या पोरीच्या लग्नात वाजवत होता. त्या दुप्पट पैशांतूनच माझ्या लग्नाच्या पंगती उठल्या, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मला कोणी विचारलं? मी म्हटलं असतं, पंगतीत गोड वाढू नका, पण दादा उभा पाहिजे. द्यायचं त्यानेच, आणि काय द्यायचं तेही त्यानेच ठरवायचं. घ्यायची वेळ आली की मात्र, "बहिणीचं घेत नसते बाप्पा." दुकान चालायला लागल्यावर मी त्याला एक टेबलफॅन नेऊन दिला, तर दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो खांद्यावर टाकून परत घेऊन आला.

मागच्या वर्षी त्याचे उरलेसुरले दात काढावे लागले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली धरतात. दात गेले आणि वाजवणं संपलं. रोज वरणात कालवलेला भात खाऊन त्याचं तोंड बारीक झालं. दातांच्या डॉक्टरने दोन्ही कवळ्यांचे बावीस हजार सांगितले. मी म्हटलं, मी देते. तो म्हणाला, "माहं क्लारनेट इकून दे. तुले तं इकता येते ना?"

"आन् दात आल्यावर काय फुंकशील गा?"

"भाकर खाईन."

पहिलं गिऱ्हाईक एक कॅफेवाला पोरगा होता, गॉगल कपाळावर चढवलेला. क्लॅरिनेट भिंतीवर टांगून त्यात दिवा बसवायचा म्हणाला. बावीस हजार एका शब्दात कबूल केले. मी हो म्हणणार तोच शेजारी बसलेल्या दादाने क्लॅरिनेटची पेटी मिटली. "दिवाच लावाचा हाये तं बांबू घे," तो म्हणाला. त्या दिवशी मी दादावर इतकी ओरडले की समोरचा कूलरवाला दुकान सोडून पाहायला आला.

मग उमरेडचा एक बँडवाला आला. चाळिशीचा, शर्टाला इस्त्री, चपला झिजलेल्या. दादाचा पत्ता विचारत आधी माझ्या दुकानात आला. त्याचं क्लॅरिनेट उभं चिरलं होतं आणि लग्नाचा सीझन तोंडावर होता. मी अर्धा तास घासाघीस केली. तो बारा हजारांवर थांबला. माणूस नाटक करून थांबला की खरंच थांबला, हे मला कळतं. हा खरंच थांबला होता. मग आयुष्यात कधी केला नाही असा सौदा मी केला. गल्ल्यातून दहा हजार काढले आणि त्याच्या हातात ठेवले.

"ताई, हे काहून?"

"दादासमोर पुरे बावीस काढायचे. तुमचेच म्हणून. तोंडातून शब्द निघाला तं उमरेडपर्यंत मागं येईन."

तो घाबरून हो म्हणाला.

दादा पलीकडच्याच गल्लीत राहतो. आम्ही गेलो तेव्हा त्याने क्लॅरिनेटच्या जोडावर नवा दोरा गुंडाळून मेण लावून ठेवलं होतं. उमरेडच्या पाहुण्याने खिशातून स्वतःची फुंकायची वेताची पत्ती काढली, जिभेवर ओली केली, क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधली आणि वाजवायला लागला. मला त्यातलं काही कळत नाही. पण दादाची बोटं मांडीवर चालायला लागली, ते मी पाहिलं.

"घाई करून राहिला तू," दादा म्हणाला. "दम पोटातून घे. छातीतून घेशील तं वरात चौकातच राहीन."

"हो, मास्तर."

पाहुण्याने पुन्हा वाजवलं. दादाने मान हलवली.

"लेकरं किती?"

"दोन पोरी, मास्तर."

धोका मला तिथेच कळायला हवा होता. पाहुण्याने बावीस हजार पुढे केले. दादाने त्यातले बारा मोजून घेतले आणि बाकीचे त्याच्या हातात कोंबले. "याची किंमत बारा हाये. वाजवणाऱ्याकडून मी बाराच घेईन."

"दादा!" मी किंचाळले. "सौदा मी करून राहिली ना? तू मंधात काहून बोलतं?"

"माल कोणाचा हाये वं?"

"माल तुहा, पण पैसे..." आणि माझं मलाच तोंड मिटावं लागलं.

पाहुण्याने एकदा नोटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माणूस प्रामाणिक निघाला, हीच पंचाईत झाली. त्याने ते दहा हजार माझ्यासमोर ठेवले. "ताई, हे तुमचे. मले नाही जमत. घाम फुटून राहिला."

दादा माझ्याकडे वळला. "तू दिले?"

"हो, मीच दिले!" मग माझं तोंड थांबेना. "माह्या लग्नाच्या दिवशी तू मले इचारलं होतं काय? लोकं जेवून गेले, आन् माह्या मागं उभं राहाले भाऊ नव्हता. तू दिलं ते मी गुपचूप घेतलं. आता माहं घ्यायचं म्हटलं तं तुहे हात झडतात?"

एवढ्या वर्षांत हे मी त्याला पहिल्यांदाच बोलले होते. आणि तेही एका परक्या माणसासमोर. तो बिचारा पेटीची कडी उगाच उघडबंद करत होता.

दादाने हिरड्या चघळत ते दहा हजार मोजले. मग म्हणाला, "दाताचा डॉक्टर वरचे-खालचे अलग अलग बनवते काय?"

"बनवते. काहून?"

"मंग खालचे क्लारनेटचे. वरचे तुहे."

मला रडू येईल असं वाटलं, पण तेवढ्यात हिशेब डोक्यात आला. "दोन्ही सारख्याच भावाचे हायेत. अकरा-अकरा. तुहे बारा, माहे दहाच. तुहे एक हजार जास्त जाऊन राहिले."

"जाऊ दे ना वं."

"काहून जाऊ देऊ?"

त्या एका हजारावर आम्ही इतका वेळ भांडलो की पाहुण्याची उमरेडची एक बस गेली. शेवटी पाचशेवर तुटलं. मी ते पाचशे दादाच्या खिशात घातले आणि त्याने ते काढून फेकले नाहीत. मग पेटी स्वतःच्या हातात घेऊन तो पाहुण्याला बसपर्यंत सोडायला गेला. वाटेत लाकडाला तेल कधी लावायचं, कोणतं लावायचं, हे सांगत होता.

खालचे दात त्याला छान बसले. वरचे बोचतात, असं तो दर आठवड्याला दुकानात येऊन मला ऐकवतो. मी म्हणते, चल, आत्ता डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणतो, "राहू दे वं, तू भांडशील त्याच्याशी." आणि स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी माझ्या मालाचे दोष बोलत राहतो.