साडूंनी लिहिलेली अरुणावती

आमच्या थोरल्या साडूंनी अरुणावती नदीचा जेवढा कैवार घेतला, तेवढा जगात कुणी कुठल्या नदीचा घेतला नसेल. आर्णीत त्यांचं कापडाचं दुकान आहे. ते आता मुलगा सांभाळतो आणि साडू नदी सांभाळतात. याला कारण पुण्याचे नवे व्याही. जेवताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे नदी वगैरे आहे का?" साडूंनी ऐटीत मोबाइलवर ऑनलाइन विश्वकोश उघडून त्यांच्यापुढे धरला. तिथे एकच वाक्य होतं : अरुणावती ही महाराष्ट्रातील एक नदी आहे. "एक नदी? जशी एक बकरी!" म्हणत साडू पानावरून उठले.

दुसऱ्या दिवसापासून ते लिहायला बसले. लिहायला म्हणजे मोबाइलला सांगायला. त्यांची वऱ्हाडी त्या यंत्राला झेपेना. 'नदी वायते' म्हटलं की 'नदी वाईट' उमटायचं. मग साडू फोनला शिव्या घालायचे आणि फोन त्याही इमानाने लेखात उतरवायचा. "नळ येऊन गेला तरी यायले पत्ता नसते," माझी मेहुणी म्हणायची, "अन् नदीच्या पाण्याची काळजी!"

तिकडे विश्वकोशात कुणी अनोळखी संपादक होता. उगम, लांबी, धरण एवढं त्याने राहू दिलं, कारण ते साडूंनी पुस्तकातून घेतलं होतं. पण 'नदी स्वभावाने गरीब आहे, मात्र श्रावणात तिचा भरवसा नाही' हे त्याने उडवलं आणि खाली लिहिलं, संदर्भ द्या. "संदर्भ कायले पाहिजे? मी पाहून राह्यलो ना!" साडू माझ्यावरच डाफरले.

एका वाक्यावर मात्र ते हटून बसले. 'आर्णीतल्या बहुतेकांना या नदीत रहीमभाईंनी पोहायला शिकवले.' रहीमभाई म्हणजे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, मोटारपंप दुरुस्त करणारे. गुडघे गेल्यापासून ते घरीच असत. साडू वाक्य घालत, संपादक उडवी. शेवटी ताकीद आली, पुन्हा असं केलंत तर तुम्हाला इथे लिहिता येणार नाही.

साडूंनी ती ताकीद मला वाचून दाखवली. मग म्हणाले, "गाडी काढा. मी वाक्य टाकतो. तो पुसायच्या आत रहीमले दाखवून येऊ."

"आणि बंदी घातली तर?"

"घालू दे ना. बाकीची नदी तं लिहून झाली."

काठोकाठ भरलेला कप न्यावा तसा मोबाइल धरून ते माझ्यामागे बसले. रहीमभाई खाटेवर होते. साडूंनी वाक्य मोठ्याने वाचलं. रहीमभाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं आणि चक्क लाजले. "बहुतेकांना लिहिलं ते बरं केलं," ते म्हणाले. "तुले तं आजूनही येत नाही." दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग रहीमभाईंनी विचारलं, "ते जाऊ दे यार. नदीले पानी हाय का सध्या?"

साडू माझ्याकडे पाहू लागले. लेख हाती घेतल्यापासून ते नदीवर गेलेच नव्हते. मीही नव्हतो गेलो.

"चाल, पाहून येऊ," ते हळूच म्हणाले आणि खाटेखाली वाकून रहीमभाईंच्या चपला शोधू लागले.