नोलाने आज बटाटे काढले नाहीत

आज दुपारी नोलाकडे तिच्या कुत्र्याला, बूमला, बघायला एक जोडपं आलं होतं आणि तिने त्यांच्यापुढे बटाट्यांची बादली ठेवली नाही. एवढीच गोष्ट. पण रात्रीचा एक वाजून गेला तरी ती माझ्या डोक्यातून जात नाही.

नोला आमची शेजारीण. आम्ही फील्डिंग गावात राहायला आलो त्या दिवशी कुंपणावरून तिने गरम केकची थाळी दिली होती, आणि थाळी परत करताना रिकामी द्यायची नाही हे मला माहीत आहे असं बघून ती खूश झाली होती. त्याला अकरा वर्षं झाली. ती आता एकोणसत्तरची आहे. एकतीस वर्षं तिने लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्यांसाठी स्वयंपाक केला. पंधरा-सोळा माणसं, दिवसातून पाच वेळा खाणं, शेडमागची एक चूल. तिचा नवरा डेझ त्याच टोळीत होता. तो गेला आणि घर गप्प झालं, तेव्हा ती जनावरांच्या बाजारामागे कुणीतरी टाकून दिलेलं एक पिल्लू घेऊन आली. "घरात कुणीतरी ओरडणारं पाहिजे," म्हणाली. त्याला चांगलं घर मिळालं, मग दुसरं आणलं. असं करत तिने त्रेचाळीस पिल्लं मार्गी लावली.

घर निवडायची तिची रीत एकच. बघायला आलेल्या माणसांना ती मागच्या ओट्यावर बसवायची, मध्ये बटाट्यांची बादली ठेवायची, प्रत्येकाच्या हातात सुरी द्यायची आणि पिल्लू मोकळं सोडायची. "फॉर्म भरताना सगळे शहाणे असतात," ती म्हणायची. "बटाटे सोलताना माणूस विसरतो, की आपल्याकडे कुणी बघतंय."

बूम आला तेव्हा चार महिन्यांचा होता. हंटअवे जातीचा, काळा, तोंडावर तांबूस. या जातीचे कुत्रे भुंकून भुंकून मेंढ्या डोंगरावरून खाली हाकतात, आणि बूमचा आवाज तर असा होता की नोलाने पहिल्याच संध्याकाळी त्याचं नाव ठेवलं. त्याच्या अंगात विंचू चावल्यासारखी ऊर्जा. दोरीवरचे कपडे ओढायचा, पाण्याच्या टाकीवर चढायचा, एकदा अख्खा पोछा खाल्ला. एक गृहस्थ आले होते, बूमने त्यांचा बटाटा पळवल्यावर ते मोबाइलवर शोधत बसले की कुत्र्याला कच्चा बटाटा चालतो का. नोला म्हणाली, "शोधा, सावकाश शोधा. तोवर त्याने तुमच्या बुटाची एक बाजू संपवलीय." त्यांना अर्थातच नकार. अशा अकरा घरांना नकार.

आणि बूम रात्रीही भुंकायचा.

माझ्या जुईला फिट्स येतात. सात वर्षांची आहे. झोप मोडली की धोका वाढतो, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून बजावलंय. अशाच एका आठवड्यात तिला दोन फिट्स आल्या. दुसरीनंतर तिचे ओठ पूर्ववत गुलाबी व्हायची वाट बघत मी जमिनीवर बसले होते आणि पलीकडे बूम ओरडत होता. सकाळी मी कुंपणापाशी गेले नाही. सरळ नगरपालिकेच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला. नाव गुप्त ठेवतात म्हणाले.

नोटीस आल्यावर नोला ती घेऊन माझ्याचकडे आली. "बघ गं, कुणाची तरी झोप उडालीय. आता याला गप्प बसायला शिकवते, नाहीतर गावात घरही मिळणार नाही याला." मी म्हटलं, "हो का?" तेवढंच म्हटलं.

सहा आठवडे नोला कपडे धुण्याच्या खोलीत, जमिनीवर गादी टाकून बूमशेजारी झोपली. तो भुंकला की पाठ फिरवायची. गप्प राहिला की खिशातून चीजचा तुकडा. बूम हुशार, आणि नोलाचा हात सोळा माणसांना वेळेवर जेवू घालून तयार झालेला. सातव्या आठवड्यात आमची गल्ली शांत झाली. जुई सलग झोपू लागली. मी मनात नोलाचे आभार मानले, तोंडाने नाही.

मग तामाती आला. आपितीच्या वरच्या डोंगरातला मेंढपाळ, त्याचा म्हातारा कुत्रा मागच्या हिवाळ्यात गेला होता. मी तेव्हा ओट्यावरच होते, मीही सोलत होते. बूम बादलीवर झेपावला. तामातीने वरही बघितलं नाही. बादली कलंडू नये म्हणून बुटाचं टोक तिला लावलं आणि सोलत राहिला. थोड्या वेळाने बूम त्याच्या दुसऱ्या पायावर बसला आणि तिथेच झोपला.

"मावशी, बूम कशावरून नाव?" त्याने विचारलं.

नोलाने बटाट्याचा डोळा काढला. "असंच. उड्या मारतो म्हणून."

बूमला घेऊन जाताना तामातीने जुईच्या वहीवर त्याच्या घरचा नंबर लिहून दिला. "कुत्र्याची खबर हवी असली तर पहाटे पाचच्या आत कर हं फोन. नंतर मी डोंगरावर, तिथे मोबाइलला रेंज येत नाही." त्या संध्याकाळी नोलाने ओटा धुतला आणि कधी नव्हे ते गुणगुणली.

तीन आठवड्यांनी तामातीची गाडी परत आली. मी आणि जुई शाळेतून येत होतो.

"मावशी, पाय सोन्याचे आहेत त्याचे," तो टोपी हातात घेऊन म्हणाला. "नजर आहे, दम आहे. पण आवाज नाही. चारशे मेंढ्या समोर, आणि हा शहाण्यासारखा खाली बसतो, माझ्या खिशाकडे बघत. जन्मतःच मुका असेल. मला भुंकणाराच लागतो गं, नाहीतर ठेवला असता."

खिशाकडे बघत, हे ऐकून नोलाने गाडीच्या दाराला हात टेकवला. तिला कळलं. मलाही कळलं.

"आई, बूम मुका आहे?" जुईने विचारलं.

नोलाने जुईकडे बघितलं, मग तामातीकडे. "असतात काही मुके," ती म्हणाली. "कुणाचा दोष नसतो त्यात."

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी गेले. "नोला, ती तक्रार..."

"माहीत आहे. पलीकडच्या घरात ब्रायन, त्याच्या कानाशी ट्रॅक्टर लावला तरी तो म्हणेल, कुणी आलं का? समोर शाळेचं मैदान. मग राहिलं कोण?" ती हसली, पण लगेच थांबली. "तुझ्या जागी मीही केली असती. आधी माझ्याकडे आली असतीस, तर मी त्याला डोंगराकडच्या कुणाकडे तरी ठेवला असता, एवढंच."

"मी तामातीला सांगते."

"नको. जुईचं नाव त्यात नको. उद्या दुकानात बोलतील, शाळेत बोलतील. पोरीला वाटेल, माझ्यामुळे झालं. आणि शिकवलं मीच ना. मला वाटलं, मेंढ्या बघितल्या की आवाज आपोआप येईल, रक्तात असतं, म्हणून तामातीला काही सांगितलं नाही. एकतीस वर्षं या कुत्र्यांच्या गराड्यात जगले. हंटअवेचा आवाज म्हणजे त्याची भाकरी, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? त्याची भाकरी मी चीज देऊन काढून घेतली."

त्यानंतर ती कमीच दिसू लागली. सकाळी नऊपर्यंत पडदे बंद. एकदा मी भाजीभात घेऊन गेले, तर आधीचा डबा तसाच फ्रिजमध्ये होता. बूम अंगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत असतो, तोंडातून शब्द न काढता. कुंपणालगत गवत झिजून वाट पडलीय.

आज आलेलं जोडपं पामर्स्टन शहरातलं. भली माणसं आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोघंही दिवसभर कामावर. कुत्र्यासाठी धावायचं यंत्र घेतलंय म्हणाले. पूर्वीच्या नोलाने या वाक्यावर त्यांना आठवडाभर पुरेल इतकं ऐकवलं असतं. आज ती म्हणाली, "भुंकत नाही तो. शनिवारी घेऊन जा."

ते गेल्यावर मी विचारलं, "आणि बटाटे?"

"लोकांची परीक्षा घेणारी मी कोण?" ती म्हणाली. "हा शेवटचा. यापुढे पिल्लू नको." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

माझा नवरा श्रीरंग म्हणतो, तू उगाच सगळं अंगावर घेतेस, आपल्याला जुई महत्त्वाची. जुई महत्त्वाची आहेच. तक्रार केल्याचा मला आजही पूर्ण पश्चात्ताप होत नाही, तिचे ते ओठ आठवले की. पण तामातीला वाटतंय की बूम मुका जन्मला, आणि ते खरं नाही. शेजारी दोन म्हातारे हंटअवे भुंकायला असले आणि कुणी घाई केली नाही, तर आवाज कदाचित परत येईल. कदाचित येणारही नाही. पण यातलं काही तामातीला ठाऊकच नाही, म्हणून तो वाटही बघणार नाही.

नोलाने नको म्हटलंय. तिचं एवढं एकच मागणं होतं माझ्याकडे. पण जुईला समजावणं हे माझं काम आहे, नोलाने त्यासाठी बूमला तिसऱ्या मजल्यावर पाठवायची गरज नाही. जुईला मी सांगेन. चुकीच्या ठिकाणी फोन आईने केला होता, तू फक्त झोपली होतीस.

तामाती साडेचारला उठून चहा ठेवतो. वहीचं ते पान मी फाडून आणलंय. फोन बाहेर पायरीवर बसून करीन, जुईची झोप मोडायला नको. पहिलं वाक्य दोन-तीनदा पुटपुटून बघितलं. तामाती, बूम मुका नाही, तक्रार मी केली होती.