शाकाहारी माणसाचे शिकारी चाकू

हातात चाकू ते कधीच देत नसत. टेबलावर ठेवायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि म्हणायचे, "उचला, वहिनी." धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं, ही त्यांच्या आईची शिकवण. उभा जन्म हॉलंडात काढूनही ती त्यांनी सोडली नव्हती. त्यामुळे करोनात दीड मीटर अंतर राखायचा हुकूम निघाला, तेव्हा आमच्या रायस्वाइकच्या गल्लीत एकाच माणसाला काही नवीन शिकावं लागलं नाही.

तुम्ही त्यांना पाहिलंय, मुलांनो. मी बागेतून व्हिडिओ कॉल करायचे तेव्हा माझ्यामागे, कुंपणापलीकडून मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ हात हलवायचे ना, तेच. मूळचे साताऱ्याचे. नोकरीत असताना यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचे. पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली. बैठकीच्या खोलीत एक काचेचं कपाट, आणि त्यात मखमल लावलेल्या खणांमधून शिकाऱ्यांचे जुने, घडीचे चाकू. हरणाच्या शिंगाच्या मुठी, मुठींच्या टोकांना पितळी टोप्या. एखाद्यात पात्याशेजारी बारकी करवत, एखाद्यात बूच काढायचा स्क्रूसुद्धा.

आणि मालक शुद्ध शाकाहारी! केकमध्ये अंडं आहे का, हे विचारल्याशिवाय तुकडा उचलायचे नाहीत. घरात उंदीर शिरला तर पिंजऱ्यात पकडून, सायकलच्या कॅरिअरला बांधून कालव्यापलीकडे सोडून यायचे.

"अहो, मग हे चाकू कशाला?" तुमच्या आजोबांनी एकदा विचारलं.

"आवाज ऐका," ते म्हणाले. पात्यावरच्या खाचेत नख घालून त्यांनी एक चाकू उघडला आणि अगदी सावकाश मिटला. टक्क! "स्प्रिंग बघा. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी कानशीनं घासून बसवली असेल. अजून ढिली नाही. आपल्या गुडघ्यांचं असं म्हणता येईल का?"

लॉकडाऊन लागला तशी त्यांची मुलगी हूफडॉर्पचा फ्लॅट बंद करून बाबांजवळ राहायला आली. एकुलती एक, इथेच वाढलेली. मराठी समजायची सगळी, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. जेवणाच्या टेबलावर तिचं ऑफिस थाटलं आणि पहिल्याच मीटिंगमध्ये तिच्या डोक्यामागे ते कपाट सगळ्यांना दिसलं.

"बाबा! माझा बॉस विचारतोय, तुझे वडील खाटीक आहेत का?"

"सांग त्याला, वडील वरणभात खातात."

"नॉट फनी!"

दुसऱ्या दिवशी कपाटावर तिच्या आईची जांभळी नारायणपेठी पसरलेली. तिला ते चाकू लहानपणापासून आवडत नसत. हत्यारं म्हणायची. एकालाही तिनं कधी बोट लावलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही आपापल्या दारात खुर्च्या टाकून चहा प्यायचो. तिथं ते एकदा म्हणाले, "वहिनी, बाकी काही नको मला. माझ्यामागे हे चाकू विकणार नाही, एवढं एकदा तिनं आपणहून म्हणावं."

"मग विचारा की तिला."

"छे! विचारल्यावर 'हो बाबा' म्हणेल. त्यात काय मजा?"

मग दिवाळी आली. कुणाकडे जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. मी चकल्यांचा डबा त्यांच्या पायरीवर ठेवून मागे सरतेय, तोच आतून पोरगी धावत आली. ओल्या फडक्यात काहीतरी होतं.

"मावशी, लुक! बाबा, कम!"

आई दिवाळीला चिंच-मीठ लावून समई घासायची, हे तिला आठवलं होतं. बाबांना खूष करायचं म्हणून तिनं कपाटातला सगळ्यात काळवंडलेला चाकू निवडला आणि त्याच्या पितळी टोप्या चिंचेनं घासघासून काढल्या. नवऱ्या मुलीच्या रुखवतात ठेवावा असा चमकत होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. तो त्यांचा सर्वांत जुना, सर्वांत लाडका चाकू. पितळेवरचा तो काळसर तपकिरी रंग हेच त्याचं मोल, हे मलाही एव्हाना पाठ झालं होतं. माणसांच्या हातांनी, खिशांनी, पावसांनी चढवलेला रंग. पुन्हा चढायला आणखी एक शतक लागलं असतं.

ते त्या टोप्यांकडे बघतच राहिले. पोरीचा चेहरा उतरायला लागला. "मोई नाही?" तिनं विचारलं. मोई म्हणजे सुंदर.

"मोई? अगं, लख्ख!" ते म्हणाले. "तुझ्या आईचाच हात. पण सांध्यात पाणी राहिलंय बघ, गंज धरेल. चल, तेल कसं घालायचं दाखवतो."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हवापाण्याचंच बोलत राहिले. तेच म्हणाले, "गेला, वहिनी. शंभर वर्षांचा रंग तासाभरात गेला." आणि मग असे हसले की चहा मफलरवर सांडला. "पण काल झोपायच्या वेळेपर्यंत माझ्याशेजारी बसली होती! आवाज ऐक म्हटलं, तर कान लावून ऐकला. करवत कशाला, खाच कशाला, सगळं विचारलं. मी म्हटलं, घास बाई, उरलेलेही घास!"

उरलेले तिनं घासले नाहीत. त्यानंतर हळूहळू नारायणपेठी पुन्हा घडी होऊन साड्यांच्या कपाटात गेली, आणि मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर ती चाकू कॅमेऱ्यासमोर धरून माहिती सांगू लागली.

निर्बंध उठले आणि जुन्या वस्तूंचा बाजार पुन्हा भरला, तेव्हा ती एकटीच जाऊन एक चाकू घेऊन आली. "एख्त हर्ट्सहोर्न, बाबा! खरं हरणाचं शिंग!"

त्यांनी तो खिडकीपाशी नेला, उलटापालटा केला, उघडला, मिटला. "अस्सल आहे," ते म्हणाले. "नजर चांगली आहे तुझी." आणि त्याला पहिल्या खणात जागा दिली.

ती चहा करायला आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "खरंच अस्सल?"

"प्लास्टिक," ते कुजबुजले. "साच्याची शिवणसुद्धा दिसतेय. पण आत्ता बोलू नका हं वहिनी. पोरगी पहिल्यांदाच शिकारीला जाऊन आलीय!"

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. करोनानं नव्हे. दुपारी जेवून आरामखुर्चीत झोपले, ते उठलेच नाहीत.

दिवस झाल्यावर मी तिला भेटायला गेले. घर रिकामं करायचं होतं, पण कपाट हूफडॉर्पला जाणार होतं, त्याच्या मापाची भिंतही तिनं शोधून ठेवली होती. तिनं एकेक खण ओढून मला चाकू दाखवले. कुठला कुणाकडून घेतला, कुठल्याची स्प्रिंग कशी, सगळं तिला येत होतं, आणि बरंचसं मराठीत. पहिल्या खणाशी येऊन ती थांबली. तो शिंगाच्या मुठीचा चाकू तिनं हातात घेतला आणि मुठीवरून अंगठा फिरवला.

"मावशी, हा खोटा आहे," ती म्हणाली. "प्लास्टिक. मला मागच्या उन्हाळ्यातच कळलं होतं. पण बाबांना इतका आवडायचा ना, सांगवेना मला. तुम्ही कुणाला बोलू नका हं."

"नाही बोलणार," मी म्हटलं.