शिंगणापुरातलं न दिसणारं कुलूप

आमच्या घरातला एक गुन्हा शनिदेवाच्या नावावर खपला आहे. तो मी केला होता. हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, आणि देवानं तक्रार केली नाही म्हणून टाळणं जमलंही.

शनिशिंगणापूरला आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. पडदा असतो, आणि कुत्रं शिरू नये म्हणून एक आडवी फळी. चोरावर देवाची नजर असते, कुलूप कशाला? म्हणून सून रूपाली हिनं कॉम्प्युटर आणला तेव्हाच मी बजावलं, "याला पासवर्ड न्हाई लावायचा." बिचारीनं ऐकलं. बटण दाबलं की तो उघडायचा, आमच्या घरासारखाच.

पुढे पुण्याच्या एका कंपनीनं तिला परीक्षेचं काम दिलं. सोमवारी ते पाठवायचं होतं. पसंत पडलं तर घरी बसून नोकरी. नाही तर ती, माझा मुलगा आणि आमची नात चिऊ पुण्याला खोली घेऊन राहणार. चिऊ जाणार या विचारानंच आमच्या हिच्या भाकरी करपायला लागल्या होत्या.

त्या कामाला कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली लागत होती, आणि आमच्याकडे विंडोज.

"मंग आता दुसरा कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"न्हाई अप्पा, ह्याच्याच पोटात लिनक्स बसवते. घरात एक वेगळी खोली काढल्यासारखं."

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. मी मागे खुर्ची टाकून बसलो (देखरेख!). मध्येच रूपालीची बोटं चालत होती, पण पडद्यावर काही उमटेना.

"रूपाली, कीबोर्ड मेला बघ."

"न्हाई अप्पा, पासवर्ड टाकतीय. तो दिसत नसतो."

"पासवर्ड?"

"लिनक्सला लागतोच. माझा इलाज न्हाई."

बिनदाराच्या घरात कुलूपबंद खोली! आणि तेही न दिसणारं कुलूप! परीक्षा तोंडावर, चिऊचं पुण्याला जाणं टांगणीला, आणि ही बाई खुद्द शनिदेवाला डिवचतेय!

शनिवारी सकाळी रूपाली दळण आणायला गेली. मी कॉम्प्युटर उघडला. माझा हेतू शुद्ध होता. सारवायच्या वेळी कपाट अंगणात काढून ठेवतात, तशी ती खोली तेवढी बाहेर काढायची. परीक्षा झाली की घेईल परत आत! (खोलीवाचून परीक्षा कशी देणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.) ती ज्याच्यावरून आत शिरायची त्या नारिंगी गोलावर मी माउसची उजवी कळ दाबली. 'अनइन्स्टॉल' असं आलं. यंत्रानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की! गोल नाहीसा झाला. मी समाधानानं चहा मागितला.

तो प्यायचा राहिलाच. रूपालीची किंकाळी शनिदेवाच्या चौथऱ्यापर्यंत गेली असेल.

"अप्पा! लिनक्स गेलं! माझं सगळं काम त्याच्या आत हुतं!"

"कुठं गेलं असेल?" मी चाचरत म्हणालो. "बाहेर कुठं ठेवलं असेल का त्यानं?"

"बाहेर कुठं, अंगणात?" ती रडता रडता ओरडली.

खरं तर मला तसंच वाटत होतं.

एवढ्यात शेजारचे भाऊसाहेब फळी ओलांडून आत आले. त्यांचं पूजेच्या तेलाचं दुकान, त्यामुळे शनिदेवाच्या बाजूनं बोलायचा हक्क त्यांचाच.

"पासवर्ड लावला हुता का?"

"व्हय काका."

"मंग! शिंगणापुरात कुलूप लावतीस? देवानं ते आख्खंच उचललं!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरातला वडीलधारा! तोंड उघडायची हीच वेळ होती. मी ते उघडलं आणि म्हणालो, "अरेरे."

रूपालीनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेर शनिवारच्या गर्दीचे हॉर्न, आत रडतखडत येणारं इंटरनेट. थोड्या वेळानं लिनक्सनं पुन्हा पासवर्ड मागितला. तिचा हात थांबला.

"अप्पा, आता काय करू? तुमी म्हणाल तसं."

आता माझ्यावरच आलं! मी डोळे मिटून (विचार करतोय असं दाखवत) निकाल दिला, "पासवर्ड लाव, पण गल्लीत सगळ्यांना सांग. सगळ्यांना ठाऊक असलेलं कुलूप म्हणजे नुसता पडदाच."

भाऊसाहेबांना हे इतकं पटलं, की रूपाली टाइप करायला लागली की ते दुकानातून ओरडून पासवर्डाची आठवण करून द्यायचे. दर्शनाला आलेल्या भक्तांनाही तो पाठ झाला असणार!

सोमवारी काम गेलं, पुढे नोकरीही लागली. चिऊ इथंच राहिली, भाकरी सुधारल्या. सगळं छान झालं. फक्त रूपालीनं कुलूप लावल्याचं प्रायश्चित्त म्हणून शनिवारचा उपवास धरला. न केलेल्या पापाचा! माझ्या पापाचा! आणि मी तिच्यासमोर बसून वांग्याचं भरीत खातो.

एकदा मी धीर केला. "रूपाली, उपवास सोड गं. त्या दिवशी लिनक्स... ते मी..."

"किती काळजी करता माझी!" तिचे डोळे भरून आले. "माझे वडील असते तर अशीच केली असती." आणि माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.

यापुढे कोण बोलणार?

म्हणून हे सगळं कागदावर उतरवलं. माझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून ते टाइप करून घ्यायचं; पण घरात टाइप करता येतं ते फक्त रूपालीला. त्यामुळे 'टायपिंगला जातो' एवढंच सांगून आज श्रीरामपूरची बस धरायला निघालो, तर तिनं फळीपाशीच गाठलं.

"अप्पा, टाइप करायला श्रीरामपूरला कशाला? द्या इकडं."

"राहू दे. एकाचा माफीनामा हाय. ओळखीचा माणूस हाय, भित्रा हाय बिचारा."

"मग त्यांनी सरळ जाऊन माफी मागावी की! समोरचं माणूस काय खाणार हाय व्हय?"

"बरोबर हाय तुझं," मी म्हणालो. "भेटला की सांगतो त्याला."

आणि बस पकडली.